ऑक्सफर्ड सहल: वुडस्टॉक रोडवरचं जुनं हॉस्पिटल

नमस्कार मंडळी,
ऑक्सफर्डचा कार्यक्रम जवळजवळ ठरला. काकांनी रॅडक्लिफ इन्फर्मरी सुचवली आहे, पण ते हॉस्पिटल 2007 मध्येच बंद झालं. पुढे काही वर्षं तिथे विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग होता. बरोबर लहान मुलं असणार. काका, तिथे थांबून काय दाखवायचं?
– सहल समिती

---

ताई, नमस्कार.
जुनी दगडी इमारत आणि पुढे कारंजं, दिसायला एवढंच आहे. तरीही थांबायलाच हवं.

डॉ. जॉन रॅडक्लिफ यांनी मागे ठेवलेल्या पैशातून हे हॉस्पिटल 1770 मध्ये सुरू झालं. पण मला सांगायचंय ते 1941 च्या फेब्रुवारीचं. अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा 43 वर्षांचा पोलीस शिपाई इथे मरणाच्या दारात होता. जंतुसंसर्ग तोंडावरून डोक्यापर्यंत पसरलेला, एक डोळा काढून टाकलेला. 12 तारखेला त्याला पेनिसिलीन टोचलं. ताप उतरला, तो जेवायला लागला. औषध मात्र इतकं थोडं होतं की त्याची लघवी सायकलवरून विद्यापीठाच्या डन स्कूलच्या (रोगविज्ञान विभागाच्या) प्रयोगशाळेत न्यायची, तिच्यातून पेनिसिलीन परत काढायचं आणि त्यालाच पुन्हा टोचायचं. तिथे पेनिसिलीनवर संशोधन करणाऱ्या हॉवर्ड फ्लोरींच्या गटातले शास्त्रज्ञ हीटली, ज्या बुरशीपासून पेनिसिलीन मिळतं ती वाढवायला बेडपॅनच्या धर्तीवर बनवून घेतलेली मातीची भांडी वापरत. एवढं करूनही साठा संपला. आजार उलटला आणि 15 मार्चला तो गेला. औषध लागू पडतंय हे डोळ्यांसमोर दिसत असताना माणूस हातचा गेला, याचं मला फार वाईट वाटतं. त्यानंतर फ्लोरींच्या गटानं मुलांवर उपचार करायचं ठरवलं, कारण मुलांना मात्रा कमी लागते. मुलांना हे जरूर सांगा.

आणि पुढचा धागा थेट आपल्या पिंपरीला येतो. 1954 मध्ये तिथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स (एचए) उभी राहिली, सरकारी कारखाना, तोही पेनिसिलीनसाठी. ऑक्सफर्डला थेंबाथेंबासाठी धडपड झालेलं औषध पुढे आपल्याकडे टाक्या भरभरून तयार झालं. एचए कॉलनीत वाढलेली मंडळी आपल्या यादीत नक्की असतील.
– काका

---

काका, पटलं. जेवणाआधी अर्धा तास काढते. सेंट जाइल्स रस्त्यावर उतरून चालत जाऊ, तिथे माहिती तुम्हीच सांगा. आणि मंडळी, घरातलं कोणी एचएमध्ये नोकरीला होतं का? जुने फोटो असतील तर बरोबर आणा.
– सहल समिती