'रँगो' मोठ्यांना भिडतो तो तहानेमुळे की जुन्या वेस्टर्नपटांच्या आठवणींमुळे?

मृगजळ :

गोर व्हर्बिन्स्की यांचा 'रँगो' (२०११) हा ॲनिमेशनपट मी गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा पाहिला. या वेळी सोबत एकही लहान मूल नव्हते. २०१२ साली त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले, तेव्हापासून त्याच्याविषयी एकच गोष्ट कानावर येत राहिली आहे : जुन्या वेस्टर्नपटांच्या, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या शेरीफ-बंदूकबाजांच्या चित्रपटांच्या, खुणा त्यात जागोजागी पेरल्या आहेत आणि त्या ओळखता येतात म्हणून तो मोठ्यांना आवडतो. मला हे कारण अपुरे वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काचेच्या पेटीत एकटाच वाढलेला पाळीव सरडा अमेरिकेतल्या मोहावीच्या वाळवंटातल्या हमरस्त्यावर गाडीतून फेकला जातो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असे आपण म्हणतो, आणि याचे तर कुंपणच फुटून जाते. तहानेने व्याकूळ होऊन तो 'डर्ट' नावाच्या गावात पोहोचतो, एका बाटलीवरच्या 'दुरांगो' या शब्दातून स्वतःसाठी नाव काढतो, एका गोळीत सात भाऊ लोळवल्याची थाप मारतो आणि गावाचा शेरीफ होऊन बसतो. या गावात पाणी हेच चलन आहे. बँकेच्या तिजोरीत पाणीच ठेवलेले आहे आणि तेही थोड्याच दिवसांचे उरले आहे.

मला त्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. ठरलेल्या दिवशी, भर दुपारी, सगळे गाव हातात भांडी घेऊन वाळवंटातल्या एका प्रचंड नळाकडे नाचत निघते. एखाद्या व्रताचे उद्यापन असावे तसा तो विधी आहे आणि त्याचे पौरोहित्य कासवाच्या रूपातला नगराध्यक्ष करतो. चाक फिरवले जाते, नळ आतून घरघरतो, सगळे श्वास रोखून पाहत राहतात आणि शेवटी चिखलाचा एक गोळा खाली पडतो. त्यानंतर त्या चेहऱ्यांवर जे दिसते ते लहान मुलाला कळणार नाही.

मी लातूरची आहे. २०१६ च्या मार्च महिन्यात आमच्याकडे पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. रांगेत घागर बदलली जाऊ नये म्हणून आईने आमच्या घागरीच्या गळ्याला लाल नाडा बांधला होता. 'डर्ट'मधली ती रांग पाहताना मला कोणताही जुना चित्रपट आठवला नाही, तो नाडा आठवला.

तबकडी :

आपला अनुभव खरा आहे आणि त्याविषयी वाद घालण्याचा मला अधिकार नाही. परंतु एका प्रेक्षकाच्या अनुभवावरून चित्रपटाच्या आवाहनाचे कारण ठरवू नये, असे मला वाटते. हा चित्रपट उभाच जुन्या चित्रपटांतून घेतलेल्या अवतरणांवर आहे. ज्याला 'पश्चिमेचा आत्मा' म्हटले आहे तो वृद्ध माणूस उघडउघड दिग्दर्शक सर्जिओ लिओने यांच्या वेस्टर्नपटांतल्या क्लिंट ईस्टवुड यांच्यावर बेतलेला आहे. आवाज टिमथी ओलिफंट यांचा आहे, पण तो ऐकताना कान दुसऱ्याच माणसाला ओळखतो. चाकाच्या खुर्चीत बसून, पाणी ज्याच्या हाती त्याच्याच हाती सारे, असे समजावणारा नगराध्यक्ष थेट 'चायनाटाउन' (१९७४) या चित्रपटातून आलेला आहे. त्यात जॉन ह्यूस्टन यांनी रंगवलेला, पाण्यावर ताबा मिळवू पाहणारा धनाढ्य खलनायक नोआ क्रॉस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगावे लागत नाही.

माझा मुख्य आक्षेप याच्या पुढचा आहे. 'चायनाटाउन'च्या मागे कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्याचा इतिहास आहे. लॉस एंजेलिस शहराने विसाव्या शतकाच्या आरंभी त्या खोऱ्यातल्या जमिनी आणि पाण्याचे हक्क गाजावाजा न करता विकत घेतले, १९१३ साली सुमारे ३७५ किलोमीटर लांबीचा कालवा सुरू केला आणि काही वर्षांतच ओवेन्स सरोवर कोरडे पडले. १९२४ साली शेतकऱ्यांनी कालव्याला सुरुंग लावले, दरवाजे ताब्यात घेतले, तरीही पाणी शहराकडेच गेले. 'चायनाटाउन'चा शेवट या पराभवाशी प्रामाणिक राहतो. 'रँगो'मध्ये मात्र व्हॉल्व्ह फिरतो, गावात पाण्याचा लोंढा येतो आणि खलनायकाला साप ओढून नेतो. जुन्या चित्रपटातले दुःख घेतले आणि त्याची किंमत मात्र तिथेच सोडून दिली, अशा कथेला पाण्याविषयीची कथा कसे म्हणावे? मोठ्यांना इथे आनंद होतो तो ओळख पटल्याचा, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही.

अंगणातला :

आपण दोघेही एका गोष्टीकडे लक्ष देत नाही आहात. हा चित्रपट मुलांचा म्हणून विकला गेला. शेपटीच्या जागी बंदूक असलेला तो रॅटलस्नेक, सुरुवातीलाच रस्त्यावर चिरडलेला आणि तशा अवस्थेत शांतपणे बोलणारा आर्माडिलो (खवल्यांचे कवच असलेला प्राणी), नायक लवकरच मरणार आहे असे पुन्हा पुन्हा गाऊन सांगणारी घुबडे : हे सगळे मला स्वतःला फार आवडले, पण सहा-सात वर्षांच्या मुलाला मी ते दाखवणार नाही. अमेरिकेत तंबाखूविरोधी गटांनी त्यातल्या धूम्रपानाच्या दृश्यांवर आक्षेप घेतला होता आणि तो मला योग्य वाटतो. मोठ्यांसाठीच चित्रपट करायचा असेल तर तसे स्पष्ट सांगून करावा.

रेघोट्या :

ॲनिमेशनच्या क्षेत्रात काम करत असल्यामुळे मला कारण तिसरेच दिसते. ते पडद्यावर आहे, कथेत नाही. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक ही मुळात स्पेशल इफेक्ट्सची कंपनी असून 'रँगो' हा तिचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट होता. खऱ्या नटांच्या शेजारी खोटा प्राणी उभा करायचा आणि तो खरा वाटला पाहिजे, ही तिथल्या लोकांना लागलेली सवय होती. त्यामुळे इथल्या पात्रांच्या कातडीला भेगा आहेत, दातांवर किटण आहे, टोप्यांच्या कडा घामाने कडक झालेल्या आहेत. प्रकाशयोजनेसाठी रॉजर डीकिन्स यांच्यासारख्या छायालेखकाचा सल्ला घेतला होता. ध्वनिमुद्रणासाठी नटांना एकेकटे काचेआड उभे न करता एकत्र आणले आणि त्यांनी प्रसंग अंगविक्षेपांसह करून दाखवले. म्हणूनच संवाद एकमेकांवर चढतात, मध्येच अडखळतात. गोंडस चेहऱ्यांच्या ॲनिमेशनला कंटाळलेल्या मोठ्या माणसाला ही कुरूपता विश्वासार्ह वाटते. मृगजळताई, ते चिखलाचे दृश्य तुम्हाला भिडले, कारण त्या ओठांवरचा कोरडेपणा खरा दिसत होता.

मृगजळ :

रेघोट्या, हे मला सुचले नव्हते आणि ते मान्य आहे. अंगणातला यांचा मुद्दाही रास्त आहे. लहान मुलांबरोबर पाहण्याचा आग्रह मी करणार नाही.

तबकडी यांना मात्र उत्तर द्यावेसे वाटते. शेवटाविषयी तुम्ही जे लिहिले आहे ते बरोबर आहे, तो लोंढा मलाही फार सहज आलेला वाटतो. परंतु ओळख पटल्याचा आनंद हेच खरे कारण असेल, तर ज्याला काहीच ओळखू येत नाही अशा मोठ्या माणसाला हा चित्रपट रिकामा वाटायला हवा. मी या वेळी तो आईबरोबर पाहिला. तिने आयुष्यात एकही वेस्टर्नपट पाहिलेला नाही, ईस्टवुड हे नाव तिला माहीत नाही, आणि संवाद मी अधूनमधून मराठीत सांगत होते. तो नळ घरघरला तेव्हा मी काही सांगायच्या आधीच ती म्हणाली, "आधी अशीच हवा येते."

तबकडी :

आईंचे ते वाक्य वाचून मी माझे एक विधान मागे घेतो : अवतरणे काढली तर काहीच उरत नाही, असे मला आता म्हणता येणार नाही. शेवटाविषयीचा आक्षेप मात्र कायम आहे. चित्रपट संपल्यावर आई काय म्हणाल्या, हे सांगता येईल का?

मृगजळ :

लोंढा पाहून ती हसली, गाव भिजते आहे हे तिला आवडले. शेवटची नामावली सुरू झाली तेव्हा तिने विचारले, "पण आता रोज पाणी सोडणार कोण?"