मदत हवी आहे: ६०० यार्डांवर होल्डओव्हर (स्कोपमधल्या खालच्या खुणेने नेम) धरला की गोळ्या अर्धा मीटर वर

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमध्ये असतो, दोन वर्षं बिझलीच्या सेंच्युरी रेंजवर टार्गेट शूटिंग करतोय. रायफल .३०८, स्कोप ६-२४ पट झूमचा, रेटिकलच्या (स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या रेघांच्या) उभ्या रेघेवर एकेक एमओएच्या (मिनिट ऑफ अँगल, अंशाचा साठावा भाग) खुणा. झीरो (रेटिकलच्या मध्यावर नेम धरला की गोळी बरोबर लागते ते अंतर) ३०० यार्डांवर. ६०० ला माझ्या काडतुसांना १० एमओए वर धरावं लागतं, हे हिवाळ्यात झूम २४ वर ठेवून पक्कं केलं होतं. टरेट (स्कोपवरची नेम वर-खाली करणारी चकती) फिरवत नाही, खालची दहावी खूण बुलवर (टार्गेटच्या मध्यावर) ठेवतो आणि मारतो.

परवा कडक ऊन होतं. मिराज (तापलेल्या हवेची थरथर) इतकं की टार्गेट पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं, म्हणून झूम १८ वर आणला. खूण तीच, काडतुसं तीच. पाचही गोळ्या बुलच्या साधारण ५० सेंटिमीटर वर, आणि एकमेकींना चिकटून! माउंटचे स्क्रू घट्ट आहेत. उन्हाने काडतुसं तापली असतील, पण त्याने एवढा फरक पडेल? पुढच्या महिन्यात क्लबची स्पर्धा आहे, फार बेचैन झालोय.

प्रतिसाद:
ग्रुप एवढा घट्ट असेल तर रायफलवर शंका नको. झूम फिरवल्यावर टार्गेट लहान-मोठं होतं, पण रेटिकल तेवढंच राहतं का? मग स्कोप सेकंड फोकल प्लेनचा. त्याच्या खुणा एकाच झूमवर खऱ्या, बहुधा सगळ्यात मोठ्या. १८ वर तुमची एक खूण १.३३ एमओएची झाली, दहावी १३.३ ची. ६०० यार्डांना एक एमओए म्हणजे १६ सेंटिमीटर, म्हणून ३.३ जादा एमओएचे ५३ सेंटिमीटर. साडेसातवी खूण धरायला हवी होती.

वाऱ्यासाठी बाजूला धरता तेही असंच वाढतं. ते जास्त फसवं, कारण चूक वाऱ्याच्या नावावर खपून जाते. मी तर उंची टरेटवरच घेतो; क्लिकला (टरेटच्या एकेका टप्प्याला) झूमशी देणंघेणं नाही. खात्री करायची तर १०० यार्डांवर २६.६ सेंटिमीटर अंतराने दोन आडव्या रेघा मारा. २४ वर त्यांच्यात दहा खुणा बसतील, १८ वर साडेसात.

धागाकर्ता:
आत्ताच खिडकीतून पाहिलं, रेटिकल तेवढंच राहतं! मनापासून आभार. रविवारी रेघा मारून बघतो, आकडे इथेच टाकतो. एक विचारायचं राहिलं: टरेटवर उंची घेतली तर परत ३०० च्या झीरोवर येताना क्लिक मोजता की खूण करून ठेवता?