मदत हवी आहे: मॅरेथॉन सोडताना काय करावं?

नमस्कार मंडळी. वय ५८, राहणार ठाणे. २००४ साली पहिली मुंबई मॅरेथॉन झाली तेव्हा अर्धी धावलो होतो. पुढे पूर्ण, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, ११ वेळा. शिवाय यवतेश्वरच्या घाटातली साताऱ्याची अर्धी मॅरेथॉन चार वेळा.

आता डाव्या गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे. डॉक्टर म्हणाले, चाला, पोहा, सायकल चालवा, पण लांब पल्ला बंद. पटलंय. तरी पेडर रोडचा तो चढ एकदा शेवटचा चढावा असं वाटतंच. (पस्तीस किलोमीटर झाल्यावर तो चढ समोर आला की दर वर्षी शपथ घ्यायचो, पुढच्या वर्षी नाही! ती पाळली असती तर गुडघा वाचला असता, असं बायको म्हणते.)

ज्यांनी थांबवलंय त्यांना विचारायचंय. एकदम बंद केलंत की हळूहळू दहा किलोमीटरवर आलात? मांडीचे स्नायू टिकवायला काय करता? माझी भूक अजून ४२ किलोमीटरचीच आहे, दोन महिन्यांत तीन किलो वाढलो, त्याचं काय करू?

आणि मुख्य म्हणजे पहाटे चारला जाग येतेच. जुना गट पावणेपाचला तलावपाळीला जमतो. त्यांच्यात जावं तर पाय शिवशिवतात, न जावं तर दिवसभर चिडचिड. पाणी वाटायला स्वयंसेवक म्हणून कुणी उभं राहिलंय का? जमतं का ते, की बघूनच जास्त त्रास होतो?