नवे पशुवैद्य रुजू झालेत, त्यांचा हात कसा बसवायचा?

लघुचिकित्सालय_प्रमुख

तालुक्याच्या दवाखान्यात तीन नवे पशुवैद्य आले आहेत. पाया पक्का आहे, इंटर्नशिप व्यवस्थित झाली आहे. पण अडलेली म्हैस समोर आली की वरिष्ठाची वाट बघतात. वरिष्ठाने एकदा हात घातला की मग ते कडेला उभे राहून पाहतात, आणि शिकणं तिथंच थांबतं. माझी निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत, तोवर हे तिघे रात्री-अपरात्री एकटे गोठ्यावर जाऊ शकले पाहिजेत. कोणती केस आधी हातात द्यावी? कुठे आपण हात मागे ठेवायचा आणि कुठे लगेच पुढे व्हायचं? दुग्धज्वर आणि गर्भाशयाचा पीळ या दोन्हींबद्दल सविस्तर लिहिलंत तर फार उपयोग होईल.

भकाळी

सर, सुरुवात दुग्धज्वरापासूनच करा, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरून गाय बसते त्या आजारापासून. कॅल्शियमची बाटली अर्धी जाते न जाते तोच गाय बदलताना दिसते, त्यामुळे नव्या माणसाला आपण केलेल्या कामाचा परिणाम तिथल्या तिथे कळतो. मात्र याच केसमध्ये घाई केली तर गाय सलाईन चालू असतानाच दगावते. म्हणून सुईला हात लावण्याआधी तीन गोष्टी त्यांच्या तोंडून वदवून घ्या.

पहिली: आधी कुणी बाटली लावली आहे का? मालक आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. सकाळी एकाने कॅल्शियम दिलेलं असतं आणि दुपारी दुसरा पुन्हा देतो. दुसरी: चारही सडांची धार काढून बघितली का? व्यायल्यावर बसलेली प्रत्येक गाय दुग्धज्वराचीच असते असं नाही. कासेच्या तीव्र दाहात विषबाधेने बसलेली गाय तशीच थंड आणि मलूल दिसते, आणि तिचं हृदय शिरेतून जाणारं कॅल्शियम सोसत नाही. तिसरी: हृदयाचे ठोके किती आणि कसे आहेत, ते केसपेपरवर लिहिलं का?

यानंतर बाटली. कॅल्शियम बोरोग्लुकोनेट २५ टक्के, ४५० मिली, कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या तापमानाला आणलेली. मानेच्या शिरेत १४ किंवा १६ गेजची सुई. बाटली खाली धरली की नळीत रक्त परत आलं पाहिजे. आलं नाही तर सुई शिरेबाहेर आहे, आणि औषध मांसात गेलं तर मान सुजून पुढे शीर निकामी होते. पूर्ण बाटलीला किमान १५ ते २० मिनिटं द्यायची. वेग बाटलीच्या उंचीवर ठरतो, म्हणून बाटली परिचराच्या हाती आणि स्टेथोस्कोप नव्या डॉक्टरच्या कानाला, डाव्या कोपराच्या मागे, शेवटच्या थेंबापर्यंत. सुरुवातीला ठोके जलद आणि दबलेले असतात, ते हळूहळू संथ आणि ठसठशीत व्हायला हवेत. मध्येच ठोका चुकू लागला किंवा एकदम मंदावला तर बाटली खाली आणून थांबायचं. हा निर्णय नव्या डॉक्टरने घ्यायचा. तुम्ही दुसरा स्टेथोस्कोप लावून शेजारी बसा, पण तो चुकत असल्याशिवाय बोलू नका.

मांड्यांचे स्नायू थरथरणं, ढेकर, नाकपुडीवर दव, मग शेण आणि लघवी, या खुणा क्रमाने दिसू लागल्या की गाडी रुळावर आली. गाय उभी राहिली म्हणून लगेच निघू नये. पहिले २४ तास कास पूर्ण पिळायची नाही, वासरापुरतंच दूध काढायचं, आणि १२ ते २४ तासांत पुन्हा बसू शकते हे मालकाला सांगायचं. उठलीच नाही तर छातीवर टेकून बसवायची, भरपूर कोरडा पेंढा घालायचा आणि दर तीन-चार तासांनी कूस बदलायची. तसं केलं नाही तर खालच्या पायाचे स्नायू दबून मरतात आणि रक्तातलं कॅल्शियम सुधारूनही गाय उठत नाही.

शस्त्रक्रिया_विभाग

पिळाबद्दल, म्हणजे गाभण गर्भाशय स्वतःभोवती फिरून वाट अडते त्याबद्दल लिहिते. म्हशीत हा प्रकार वारंवार येतो आणि बहुतेक वेळा पीळ उजवीकडे असतो, पण म्हणून तपासल्याशिवाय उजवा धरून चालायचं नाही. दिशा आधी नव्या डॉक्टरने ठरवायची, कागदावर लिहायची, मग तुम्ही हात घालून पडताळायची. हा क्रम उलटा झाला की तो तुमचंच उत्तर परत सांगतो. योनीमार्गात हात घातल्यावर घड्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळत आत गेल्या तर पीळ उजवा. गुदमार्गातून पाहिलं तर गर्भाशयाला धरून ठेवणारा डावीकडचा रुंद बंध वरून ताणून उजवीकडे आलेला लागतो.

उजवा पीळ असेल तर म्हैस उजव्या कुशीवर पाडायची. पुढचे दोन पाय एकत्र, मागचे दोन एकत्र बांधायचे, चारही एकत्र नाही. ९ ते १२ फूट लांब आणि ८ ते १० इंच रुंद फळी वरच्या भकाळीवर (बरगड्या आणि मागचा पाय यांच्यामधल्या बाजूवर) ठेवायची, तिचं खालचं टोक जमिनीला टेकलेलं. फळीवर एक माणूस उभा राहून भार देतो आणि बाकीचे म्हशीला पाय आभाळाकडे करत सावकाश डाव्या कुशीवर नेतात. फळीने गर्भाशय जागच्या जागी धरलेलं असतं आणि शरीर फिरून त्याला गाठतं. हे तत्त्व समजलं की दिशा पाठ करावी लागत नाही. पुढच्या फेरीसाठी म्हशीला आधी पोटावर बसवून मग उजव्या कुशीवर घ्यायचं. आली तशीच पाठीवरून परत लोळवली तर सुटलेला पीळ पुन्हा बसतो. नव्यांची सगळ्यात मोठी चूक हीच.

प्रत्येक फेरीनंतर हात घालून तपासणी. पीळ सुटला की वाट मोकळी लागते, कधी कोंडलेलं पाणी धो धो येतं. तीन-चार फेऱ्यांत सुटला नाही तर सिझेरियनची तयारी करा. गर्भ मेलेला आणि दोन दिवस उलटलेले असतील तर गर्भाशयाची भिंत जीर्ण झालेली असते, लोळवताना फाटू शकते. इथे वरिष्ठाने लगेच पुढे व्हावं. पीळ सुटला आणि गर्भाशयाचं मुख मात्र उघडलं नाही, तरी दोर लावून ओढायचं नाही.

रेतन_आणि_वांझपण

वरचं दोन्ही पटलं. एक भर घालतो. कृत्रिम रेतन आणि गाभणतपासणीचा हात जिवंत जनावरावर बसवण्याआधी कत्तलखान्यातून म्हशीची गर्भाशयं आणून टेबलावर सराव करून घ्या. वीर्याच्या कांडीत रंगीत पाणी भरायचं, रेतनाची गन आत न्यायची, सोडायचं आणि मग कापून बघायचं की रंग कुठे पडला. गर्भाशयाच्या मुखाच्या कड्या ओलांडून जेमतेम पुढे पडायला हवा. नवा माणूस एका शिंगात खोलवर तरी जातो किंवा मुखातच सोडतो, आणि हे गाईत कधीच दिसत नाही. कांडी ३७ अंशाच्या पाण्यात ३० सेकंद, हे सगळ्यांना पाठ असतं. पण थर्मामीटर न लावता बोटाने पाणी अजमावतात. तिथे टोका.

आणि सुरक्षितता पहिल्या आठवड्यात, नंतर नाही. रेबीजची पूर्वलस ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. वार अडकलेल्या किंवा गाभडलेल्या जनावरात खांद्यापर्यंतचा हातमोजा आणि चष्मा असल्याशिवाय हात घालायचा नाही, ब्रुसेला (जनावरातून माणसाला होणारा संसर्ग) तिथेच लागतो. एस-१९ ही ब्रुसेलावरची जिवंत लस आहे, ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांसाठी. ती स्वतःला टोचली किंवा डोळ्यात उडाली तर त्याच दिवशी फिजिशियनकडे जायचं, लपवायचं नाही.

लघुचिकित्सालय_प्रमुख

मनापासून आभार. लपवण्याचा मुद्दा निघालाच आहे, तर विचारतो: दगावलेल्या केसची चर्चा कशी घेता?

भकाळी

आठवड्यातून एक ठरलेली वेळ, अर्धा तास, मालक आणि परिचर नसताना. पहिली केस वरिष्ठाची स्वतःची. "कुणी केलं" हा प्रश्न नाही. किती वाजता काय दिसलं, त्यावर काय दिलं, किती दिलं, एवढंच केसपेपरवरून वाचायचं. शक्य तिथे शवविच्छेदन आधी झालेलं असावं. चूक सांगितल्यावर बोलणी बसली की पुढची चूक केसपेपरवर उतरत नाही, आणि मग शिकवायला हातात काहीच उरत नाही.

शस्त्रक्रिया_विभाग

फळी आजच करून घ्या, सर. कडा रंधा मारून गोल करा आणि भकाळीवर टेकणाऱ्या भागाखाली गोणपाट घाला, नाहीतर कातडी सोलते. गाडीत कायम राहू द्या, गोठ्यावर ऐनवेळी मिळते ती दाराची फळी आखूड पडते.