रोनाल्डो की दे हेया? क्लबचा सर्वोत्तम खेळाडू चाहत्यांनी ठरवावा का?

रात्रपाळीचा प्रेक्षक

मे महिना आला की आमच्या मित्रांत मँचेस्टर युनायटेडच्या हंगामअखेरच्या बक्षिसांवरून वाद ठरलेला. यंदा तो इथे मांडतोय, कारण ही पद्धतच चुकली आहे असं मला मनापासून वाटतं.

क्लबची मोठी बक्षिसं दोन. 'सर मॅट बझ्बी प्लेयर ऑफ द इयर' (बझ्बी म्हणजे क्लबचे जुने मॅनेजर) चाहते मत देऊन ठरवतात. ते 1988 पासून सुरू आहे, पहिला मान ब्रायन मॅक्लेअरचा. दुसरं 'प्लेयर्स प्लेयर', ते संघातले खेळाडू आपापसांत ठरवतात. मिरवलं जातं ते मात्र पहिलंच.

2021-22 आठवा. लीगमध्ये सहावा नंबर, 58 गुण, 57 गोल केले आणि 57 खाल्ले. चाहत्यांनी निवडलं रोनाल्डोला. खेळाडूंनी निवडलं गोलकीपर दाविद दे हेयाला. वेस्ट हॅमविरुद्ध आपण 2-1 पुढे असताना इंज्युरी टाइममध्ये मार्क नोबलची पेनल्टी अडवणारा तोच. जानेवारी 2022 मध्ये लीगचा महिन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला; त्याआधी कुठल्या गोलकीपरला तो मान मिळून सहा वर्षं होत आली होती. त्याच्यापुढची बचावफळी आठवड्यागणिक कोसळत होती. तो नसता तर सहावे तरी आलो असतो का?

जे त्याच्याबरोबर रोज सराव करतात त्यांना हे दिसलं, आपल्याला दिसलं नाही. आपण नाव बघून मत दिलं. माझं म्हणणं एवढंच की मुख्य बक्षीस खेळाडूंच्या मताने द्या. चाहत्यांचं वेगळं ठेवा, पण सर मॅटचं नाव खेळाडूंच्या बक्षिसाला द्या.

चिंचवडचा सातवा नंबर

"नाव बघून मत दिलं" हे वाक्य मागे घ्या.

त्या वर्षीच्या चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, रात्री मी जागलोय. विलारियालविरुद्ध आपल्या घड्याळात मध्यरात्री साडेबाराला सामना सुरू झाला, 1-1 अडकला, आणि 95व्या मिनिटाला रोनाल्डो. पुढे अटलांटा. मध्यंतराला 0-2 मागे, शेवटी 3-2, विजयी गोल त्याचा. मग अटलांटाच्याच घरी बर्गमोला जाऊन 2-2, दोन्ही गोल त्याचे, दुसरा इंज्युरी टाइममध्ये. गटातल्या पाच सामन्यांत सहा गोल. हे गोल वजा केले तर आपण गटातच गारद होतो. लीगमध्ये 18, सगळे मिळून 24, आणि वय 37. टॉटनहॅमविरुद्ध हॅटट्रिक, नॉरिचविरुद्ध हॅटट्रिक, दोन्ही सामने 3-2. एवढं डोळ्यांसमोर असताना मी त्याला मत दिलं तर मी नावाला भुललो?

आणि खेळाडूंच्या मताचं एवढं कौतुक कशाला? 2009 मध्ये अख्ख्या इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंनी आपल्याच रायन गिग्जला वर्षाचा सर्वोत्तम ठरवलं. बक्षीस जाहीर झालं तेव्हा त्या हंगामात लीगचे फक्त 12 सामने तो सुरुवातीपासून खेळला होता. गिग्ज माझा जीव की प्राण, पण ते बक्षीस त्या हंगामाचं नव्हतं, कारकिर्दीचं होतं. म्हणजे खेळाडूही माणसंच. तीही भावनेने मत देतात.

गोलपोस्टजवळ, कोल्हापूर

मी इथल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून गोलकीपर म्हणून खेळलोय, त्यामुळे माझं मन कुणाकडे ते सांगायला नको. 2 डिसेंबर 2017, आर्सेनलच्या मैदानावर आपण 3-1 जिंकलो आणि दे हेयाने 14 गोल अडवले. तो सामना मी अजून अधूनमधून लावून बघतो. पाय कुठे आहेत, तोल कुठे आहे, एवढंच बघतो. चेंडू बघतच नाही.

पण मूळ पोस्टशी माझं जमत नाही. अडचण मत कोण देतं ही नाहीच, अडचण सगळ्या जागांच्या खेळाडूंना मिळून बक्षीस एकच आहे ही आहे. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर स्पर्धा संपली की मालिकावीर असतोच, शिवाय बेस्ट फॉरवर्ड, बेस्ट हाफ, बेस्ट डिफेन्स, बेस्ट गोलकीपर अशी वेगवेगळी बक्षिसं. कीपरची तुलना कीपरशी होते. 24 गोल एका पारड्यात आणि अडवलेले गोल दुसऱ्या पारड्यात टाकून वजन करायचं कसं? कुणीही मत दिलं तरी ते माप चुकणारच.

रात्रपाळीचा प्रेक्षक

चिंचवडकर, गिग्जचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. "नाव बघून" हेही मागे घेतो, त्या रात्री मीही जागाच होतो.

तरी बझ्बी बक्षिसाची 1988 पासूनची यादी काढा. मधल्या फळीतला पॉल स्कोल्स त्यात एकदाही नाही. बचावपटू डेनिस अर्विन नाही. ज्या संघाने एवढ्या लीग जिंकल्या, त्याचा कणा असलेली ही माणसं चाहत्यांना एकाही वर्षी सर्वोत्तम वाटली नाहीत. डोळा गोलवरच जातो हो.

चिंचवडचा सातवा नंबर

2005 ला चाहत्यांनी गाब्रिएल हाइन्झेला निवडलं, 2009 ला विदिचला. दोघं बचावपटू. 1999 आणि 2000, लागोपाठ दोनदा मधल्या फळीतला रॉय कीन. गोलवर डोळा असता तर यातलं एकही नाव आलं नसतं. 2009 ला तर रोनाल्डो संघात होता, तरी विदिच.

तिसरी लाइन

यादीचाच विषय निघालाय तर त्यातली मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट सांगते. गोलकीपर पीटर श्मायकेलने क्लबला पाच लीग जिंकून दिल्या, त्याला हे बक्षीस एकदाही नाही. दुसरा कीपर फान डर सारने 2008-09 मध्ये लीगचे लागोपाठ 14 सामने गोल खाल्ला नाही, त्यालाही नाही. दे हेयाला मात्र चार वेळा मिळालं: 2014, 2015, 2016 आणि 2018. तो या दोघांपेक्षा चौपट चांगला होता का? नाही. त्याच्यापुढचा संघ पडका होता, म्हणून त्याची उडी रोज दिसायची. भक्कम संघात कीपरला कामच कमी पडतं.

त्यामुळे 2022 च्या निकालावर भांडण्यात मला अर्थ वाटत नाही. ज्या वर्षी लिव्हरपूलकडून 0-5 आणि 0-4 असे दोन सामने हरलो, ब्रायटनने चार गोल मारले, त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडू ठरवायचाच कशाला? बक्षीस समारंभ क्लबने रद्द केला, ते योग्यच केलं. माझ्या मते बक्षीसही रिकामं ठेवायला हवं होतं. यादीत त्या वर्षापुढे मोकळी जागा दिसली असती तर पुढच्या संघाला रोज काहीतरी टोचलं असतं.

सॅलफर्डची पाहुणी

रिकामं ठेवायचं? मला हे अजिबात पटत नाही.

मी नोकरीसाठी इथे मँचेस्टरशेजारी सॅलफर्डला आले आणि मैदानावर जायला लागले. 16 एप्रिल 2022, नॉरिचचा सामना. मालकांच्या निषेधात शेकडो लोक पहिली 17 मिनिटं मुद्दाम बाहेर थांबले होते, ग्लेझर कुटुंबाच्या मालकीची 17 वर्षं म्हणून. मीही थांबले. सातव्या मिनिटाला आतून आरडाओरडा ऐकू आला. रोनाल्डोचा पहिला गोल. मी तो गोल तिकीट हातात धरून भिंतीच्या बाहेरून ऐकला. माझ्या शेजारी एक आजोबा होते, ते गेटकडे दोन पावलं गेले आणि परत फिरले.

हे एवढ्यासाठी सांगतेय की या क्लबात चाहत्याला विचारतं कोण? मालक आपण निवडत नाही, मॅनेजर नाही, खेळाडू नाही, तिकिटाचे दर नाही. एक मत आहे, वर्षातून एकदा, मे महिन्यात. खेळाडूंचं मत जास्त जाणकार असेल, असू दे. त्यांना त्यांचं बक्षीस आहे. सर मॅटने विमान अपघातात संघ गमावला आणि दहा वर्षांनी, 1968 ला, युरोपियन कप जिंकला. ती दहा वर्षं गर्दी मैदानावर येतच राहिली. त्याचं नाव असलेलं बक्षीस त्या गर्दीच्या हातात राहू दे, ड्रेसिंग रूमला देऊ नका.

रात्रपाळीचा प्रेक्षक

सर मॅटच्या नावाचा मुद्दा मी असा पाहिलाच नव्हता. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. नाव बदलायची मागणी सोडतो. पण 2022 चा निकाल चुकला होता, या मतावर मी ठाम आहे. तुम्हीही तेव्हा मत दिलं असेल. कुणाला?

सॅलफर्डची पाहुणी

दे हेयाला. तो 2023 ला 545 सामने आणि 190 क्लीन शीट (एकही गोल न खाल्लेले सामने) नावावर घेऊन गेला, आणि त्याला मैदानावर नीट निरोपसुद्धा मिळाला नाही. म्हणून निदान ते एक मत दिल्याचं मला आजही बरं वाटतं.