इन्स्पेक्टरला मराठीत काय म्हणायचं? तपासनीस, निरीक्षक की आपला डिप्टी?

अडाणकाठ: आमच्या शिक्षकांच्या ग्रुपसाठी इंग्लंडमधल्या शाळातपासणीवरचा एक लेख मराठीत करतोय. तिथं ऑफस्टेड ही संस्था शाळा तपासते, सप्टेंबर २०२४ पर्यंत अख्ख्या सरकारी शाळेला एकाच शब्दात शेरा मिळायचा, 'उत्कृष्ट'पासून 'अपुरी'पर्यंत चार पायऱ्या, शिक्षक लय संतापले मग ते बंद झालं, आणि आता इन्स्पेक्टर-शिक्षकांत ट्रस्ट 'रीबिल्ड' करायचा म्हणतात. मी लिहिलं 'निरीक्षक व शिक्षक यांच्यातील विश्वासाची पुनर्बांधणी'. बायको पण जिल्हा परिषदेतच आहे, ती म्हणे हा काय पुलाचा ठेका आहे का? कसं लिहू?

पऱ्हाटी: पुनर्बांधणी काढा आधी. आपल्याकडं भरोसा बसते नाहीतर उठते, बांधत कोणी नाही. 'सायबावरचा उठलेला भरोसा परत कसा बसन' असं लिहा ना बाप्पा.

शुद्धलेखक: भरोसा हिंदी आहे. विश्वास असताना कशाला? आणि तपासनीसही नको, तपास अरबीतून आलेला, नीस फारसी. निरीक्षकच योग्य.

पऱ्हाटी: हिंदी काऊन? माही आजी एक अक्षर हिंदी बोलत नव्हती अन् भरोसाच म्हणे.

पुसदवाला: मला उलट तपासनीसच आवडतो. नीस म्हणजे नवीस, लिहिणारा, चिटणीस-फडणीसमधला. तपासून लिहून ठेवणारा. मास्तरला धाक त्या लिहिण्याचाच असतो, साहेब तोंडानं काय बोलले ते चहासोबत विसरलं जाते पण शेरेबुकातलं पुढच्या साहेबापर्यंत जाते. वडील मास्तर होते. एका साहेबानं स्वतः खडू घेऊन चौथीला भागाकार शिकवून दाखवला होता, त्यांचं नाव घरी कित्येक वर्षं निघायचं. बाकीचे सगळे नुसते 'डिप्टी'.

शेंगोळे: डिप्टीचं जुनं रूप दिपोटी. आमचे एक गुर्जी सांगत की दीप घेऊन येतो तो दिपोटी 😀

शुद्धलेखक: काहीही. डेप्युटी इन्स्पेक्टरमधला डेप्युटी आहे तो.

काळीमाती: सगळे मास्तरच्याच बाजूनं बोलून राहिले म्हणून सांगतो. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण कमिशनला दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी म्हटलंय की डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो त्याचा फारसा उपयोग नाही, निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, अन् मधेमधे न कळवताही यावं. मास्तरचे पगार वाढवा हेही त्यातच आहे. म्हणजे भरोसा पोराच्या बापाचाही लागते, दोघांतलाच मामला नाही हा.

पुसदवाला: हे बरोबर. पण मग येणाऱ्यानं वर्गात बसावं ना. सर्व शिक्षा अभियानात आसपासच्या शाळा मिळून समूह साधन केंद्र झालं, मास्तरला मदत करायला साधनव्यक्ती आले, शब्द सगळे मदतीचे. प्रत्यक्षात पोषण आहाराची नोंदवही दाखवा, यू-डायस म्हणजे शाळेच्या माहितीचा सरकारी फॉर्म भरलं का, फोटो टाका, चालले. केंद्रातल्या शाळा बघणाऱ्या केंद्रप्रमुखाला तरी काय बोलता, जागा रिकाम्या, एकेकाकडं दोन केंद्रांचा चार्ज, तो बिचारा भागाकार कधी शिकवणार.

शुद्धलेखक: साधनव्यक्ती हा शब्द ज्यानं काढला त्याची आधी तपासणी करा. माणूस काय साधन आहे?

शेंगोळे: चला, एका मुद्द्यावर तरी तुमच्यासंग.

अडाणकाठ: अहो पण शीर्षकाचं काय? उद्या ग्रुपवर टाकायचंय.

पऱ्हाटी: तपासणी शब्दच टाळा, 'भेट' लिहा. शेरेबुकात असतेच ना, 'आज शाळेस सहज भेट दिली'.

काळीमाती: सहज?? बावीस किलोमीटर खड्ड्यातून सहज कोण येते. 'आकस्मिक भेट' लिहितेत आमच्याकडं.

शेंगोळे: आकस्मिक की अकस्मात?

शुद्धलेखक: आकस्मिक विशेषण, अकस्मात अव्यय. 'आकस्मिक भेट दिली', पण 'अकस्मात आले'.

पऱ्हाटी: आमच्याकडं 'अचानकच टपकले'. हे कशात बसते?