पहिली रोड बाईक घ्यायची आहे, मदत हवी आहे (रविवारच्या आत!)

आबोली
नमस्कार मंडळी. रोड बाईक घ्यायची आहे, दोन पर्याय आहेत. एक सेकंडहँड, शिमानो १०५ गिअरवाली, ४२ हजार. दुसरी दुकानातली नवी कोरी, शिमानोच्याच साध्या क्लॅरिस गिअरवाली, ५८ हजार. सेकंडहँडवाला म्हणतो रविवारपर्यंत सांगा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. दुकानदाराला रोड बाईक दाखवा म्हटलं तर आधी बास्केटवाली गुलाबी सायकल पुढे केली, "मॅडम, लेडीजमध्ये ही चालते." यूट्यूब बघून डोकं भणभणलंय. १०५ की क्लॅरिस, एवढंच सांगा. सायकलिंगचे फायदे कृपया सांगू नका, माहीत आहेत.

घाटवेडा
१०५. विषय संपला. ११ स्पीड (मागे ११ गिअर) आणि ८ स्पीड यात तुलना तरी होते का? त्यात १६ हजार वाचतायत.

मोडका_स्पोक
विषय सुरू तरी कुठे झालाय? आबोली, तुमची उंची किती? फ्रेम कुठल्या साइजची? गाव कोणतं, रस्ते कसे, किती चालवणार? आधी सायकल चालवली आहे का? यातलं काहीच लिहिलेलं नाही. गिअर नंतर बदलता येतात, फ्रेम बदलता येत नाही.

निवृत्त_निवांत
ताई, गिअरच्या नादी लागू नका. आमच्या वेळी २२ इंची काळी सायकल, पुढे दांड्यावर मुलगा, मागे कॅरिअरला दळणाचा डबा. गुडघे आजही शाबूत आहेत. आणि सायकलला स्टँड आहे ना ते आधी बघा. हल्लीच्या सायकलींना स्टँडच नसतो.

आबोली
@मोडका_स्पोक, उंची ५ फूट १. साइज विचारायची असते हे कोणी बोललंच नाही. नाशिक. आमच्या ऑफिसचा ग्रुप रविवारी पहाटे त्र्यंबकला जाऊन येतो, त्यांच्याबरोबर जायचंय. सायकल दहावीपर्यंत चालवली, नंतर स्कूटी. सेकंडहँडवर बसून पाहिलं, पाय टेकत होते. म्हणजे बसते ना?

मोडका_स्पोक
टाचा टेकत होत्या की चवडे, याने काही कळत नाही. सीट खाली घेतली की मोठ्या सायकलवरूनही पाय टेकतात. प्रश्न हात कुठवर पोचतात हा आहे. सीटखालच्या उभ्या नळीवर खाली कुठेतरी ५०, ५२ किंवा एस, एम असा स्टिकर असतो. तो बघून सांगा.

त्र्यंबकवारी
नाशिककर! त्र्यंबक म्हणजे एका बाजूने तीसेक किलोमीटर, चढ फार नाही पण परत येताना वारा तोंडावर असला की रस्ता संपता संपत नाही. नवशिक्यांनी आधी गंगापूर धरणापर्यंत करावं. रच्याकने, आपलं नाशिक सायकलींचं गावच आहे. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रॅम (रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत) पूर्ण केली, श्रीनिवास गोकुलनाथांनी २०१७ मध्ये एकट्याने केली. अमेरिका आडवी पार करायची, पश्चिम किनारा ते पूर्व किनारा, जवळपास ४,८०० किलोमीटर!

घाटवेडा
२०१७ ला नागपूरच्या अमित समर्थांनीही केली आहे, त्यांना का वगळलं?

त्र्यंबकवारी
वगळलं नाही हो. नाशिकबद्दल बोलत होतो.

मोडका_स्पोक
ताईंना त्र्यंबकला जायचंय, अमेरिकेला नाही. धाग्यावर या.

हायब्रिडप्रेमी
मी तर म्हणतो हायब्रिड घ्या. सरळ हँडल, ३५ मिमीचे जाड टायर, कंबर ताठ राहते. नव्वद टक्के लोक रोड बाईक घेतात आणि सहा महिन्यांत ती बाल्कनीत कपडे वाळवायला लागते.

आबोली
हायब्रिड विचारली नव्हती. ग्रुपमधल्या एकीकडे हायब्रिड आहे, ती कायम मागे राहते आणि बाकीचे चहाला थांबले की पोचते. मग ते निघतात. तिला चहाच मिळत नाही. मला चहा हवा आहे.

सुलूआत्या
आबोली, आता बाईचं ऐक. मी ५ फूट २ आहे, चाळिशीनंतर रोड बाईक घेतली. दुकानात बायकांना कोणी सांगत नाही ते सांगते.

हँडलच्या वरच्या रबरी भागावर, म्हणजे हूडवर, हात ठेवून बस. कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. हात ताठ होऊन खांदे कानाकडे यायला लागले तर सायकल लांब आहे, उठून चालू लाग. मग हात खालच्या वळणात घे आणि दोन बोटांनी ब्रेक धर. बोटाचं पहिलं पेर लिव्हरवर बसतंय की नुसतं नख लागतंय ते बघ. नखाने उतारावर सायकल थांबत नाही. शिमानोच्या बऱ्याच लिव्हरला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते. मेकॅनिककडून समोर उभं राहून करून घे, फुकटचं काम आहे. हँडलची रुंदी खांद्याएवढी. आपल्या उंचीला ३८ किंवा फार तर ४० सेंटीमीटर. मोठ्या फ्रेमला ४२ लावलेलं असतं, मग मान भरून येते.

सीट आधी दुखणारच. पण दुखतंय म्हणून ती रुंद जेलवाली गादी घेऊ नको, मांड्या घासतात आणि दुखणं वाढतं. बसायच्या दोन हाडांमधलं अंतर मोजून त्या रुंदीची, मध्ये खाच असलेली सीट घे. आणि पॅडेड शॉर्टच्या आत काही घालायचं नसतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आता तुला सांगितलं.

घाटवेडा
स्त्रियांसाठी वेगळी सायकल वगैरे सगळं मार्केटिंग आहे. ट्रेक आणि स्पेशलाइज्ड यांनी स्वतःच बायकांच्या वेगळ्या फ्रेम बंद केल्या. फ्रेम तीच, फक्त सीट आणि हँडल बदलतात.

सुलूआत्या
मी "वेगळी" शब्द लिहिलाय का कुठे? छोटी म्हटलंय. आणि जायंटचा लिव्ह ब्रँड आजही बायकांसाठीच फ्रेम बनवतो, तेव्हा सगळ्यांनी बंद केल्या असंही नाही. ५ फूट १ च्या पुरुषालाही मी हेच सांगितलं असतं. फक्त त्याला कोणी गुलाबी बास्केट दाखवली नसती.

घाटवेडा
बरं, दिवे घ्या. तरी १०५ ते १०५.

आबोली
स्टिकर बघून आले. ५४ लिहिलंय. सुलूआत्या, हूडवर हात नेले तर कोपर सरळ आणि पुढे सरकून बसावं लागतं. खालून ब्रेकला नख लागतं, तुम्ही लिहिलंत अगदी तसंच. विकणारा म्हणाला स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) छोटा टाकून देतो, फिट होईल. होईल का?

मोडका_स्पोक
नाही. ५४ साधारण पावणेसहा फुटांच्या माणसाची. तुम्हाला ४७-४८ च्या आसपासची किंवा एक्सएस लागेल. १०० मिमीचा स्टेम काढून ७० चा टाकला तर हात तीन सेंटीमीटर जवळ येतील, पण हँडल चुळबुळं होईल आणि पुढून तुम्ही खूप उंच बसाल. हँडलची रुंदी, क्रँकची (पायडलच्या दांड्याची) लांबी तशीच. मोठा बूट घेऊन आत कापूस कोंबण्यातला प्रकार. आणि रिम ब्रेकवाल्या जुन्या फ्रेममध्ये बहुधा २५ पेक्षा जाड टायर नीट बसणार नाही. पावसाळ्यानंतर त्र्यंबक रोडची काय अवस्था असते हे नाशिककरांना मी काय सांगणार. २८ किमान, ३२ मिळाले तर उत्तमच.

क्लॅरिसमध्ये ८ स्पीड असले तरी पुढे ५०/३४ आणि मागे ३२ पर्यंत दाते असतील तर चढाला तेच उपयोगी पडतात. १०५ ची मागची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) २८ दात्यांपर्यंतचीच असेल तर चढाला उलट जडच जाईल. ११ हा आकडा चढ चढत नाही.

घाटवेडा
कॅसेट बदलता येते.

मोडका_स्पोक
येते. फ्रेम बदलता येते का?

चेनतेल
छोट्या फ्रेमची एक गोष्ट कोणी सांगितली नाही. चाक बहुतेक वेळा मोठ्या फ्रेमचंच, ७००सी मापाचं, असतं, त्यामुळे हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं. चालत्या वेगात काही होत नाही, पण पार्किंगमध्ये यू टर्न घेताना पायडल आडवं ठेवून हँडल पूर्ण वळवू नका. घाबरून सायकल परत करायला निघालेले लोक पाहिलेत.

अजून एक. नळीचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा असतो. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला लागत नाही. त्यासाठी पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो. तो, एक जादा ट्यूब आणि टायर काढायची लिव्हर सीटखालच्या पिशवीत कायम. अडॅप्टर घ्यायला गेलात की दोन घ्या, एक हरवतोच.

वजनदार_७९
सायकल चालवून आल्यावर लगेच काय खावं? मी काजू-खारीक खातो, पण वजन तेवढंच आहे.

त्र्यंबकवारी
नाशिकमध्ये राइडनंतर काळ्या रश्श्याची मिसळ. बाकी शास्त्र डॉक्टरांना विचारा.

हायब्रिडप्रेमी
म्हणूनच बाल्कनी.

आबोली
अपडेट. सेकंडहँडवाल्याला नाही म्हणून कळवलं. त्याने "तुमचंच नुकसान" म्हणून पुढे हसरा चेहरा टाकला. आज दुकानात नव्या क्लॅरिसवालीवर बसले. ती एस होती, कोपर वाकलं पण ब्रेकला अजून जेमतेम बोट पोचतं. स्क्रू फिरवा म्हटल्यावर मालकाने आतून मेकॅनिकला बोलावलं, त्याने मिनिटात फिरवला. आता पहिलं पेर बसतंय. एक्सएस मागवली तर दोन आठवडे लागतील म्हणतात. एस घेऊ की थांबू? पुढच्या रविवारी ग्रुप जाणार आहे.

सुलूआत्या
थांब. त्र्यंबक कुठे जात नाही. पण मागवण्याआधी त्यांना विचार, एक्सएस बसून पाहिल्यावर नको वाटली तर एस देतील का? दिली तर अॅडव्हान्स दे, नाही म्हणाले तर देऊ नको. आणि पावतीवर साइज लिहून घे. दोन्हींत शंका राहिली तर लहान घे. लहान सायकल थोडी लांब करता येते, लांबला आखूड करताना फार कसरत असते.

मोडका_स्पोक
+१. एसवर दहा मिनिटं तरी बाहेर चालवून बघा, दुकानात उभ्या सायकलवर नाही. टाच पायडलवर ठेवून पाय सरळ होईल एवढी सीट वर करून मग हात कुठे जातात ते बघा. तोवर सीट खाली असेल तर सगळंच बरोबर वाटतं.

आबोली
बदलून देतो म्हणाले, पावतीवर लिहूनही दिलं. एक्सएस मागवली. पण दुकानदार म्हणतो पायडल वेगळे घ्यावे लागतील. हे खरं आहे की मला बनवतोय?

चेनतेल
खरं आहे. बऱ्याच रोड बाईक पायडलशिवाय येतात, कारण जुने लोक आपापले क्लीटवाले (बूट अडकवायचे) लावतात. तुम्ही साधे, दोन्ही बाजूंनी पाय ठेवता येईल असे फ्लॅट घ्या. क्लीटचं वर्षभराने बघू.

निवृत्त_निवांत
पायडलसुद्धा नाहीत? मग स्टँडचं विचारलंत का ताई?